'मुलाखत दिल्याबद्दल' की 'मुलाखतीला बोलावल्याबद्दल'? आभाराच्या ईमेलमधले शब्द

प्रश्न

एका शैक्षणिक संस्थेत संपादन साहाय्यक पदासाठी काल मुलाखत झाली. संस्थेचा सगळा पत्रव्यवहार मराठीत चालतो, मुलाखतही मराठीत झाली, म्हणून आभाराचा ईमेलही मराठीतच पाठवायचा आहे. इंग्रजीत हे चार ओळींत उरकतं. मराठीत लिहायला बसले तर शब्दागणिक अडतंय. मसुदा असा:

"आदरणीय महोदया, सा.न.वि.वि. काल मला मुलाखत दिल्याबद्दल आणि आपला अमूल्य वेळ देण्यासाठी मी आपले खूप खूप धन्यवाद करते. आपल्याशी झालेल्या संवादाने मी उपकृत झाले आहे. आपल्या सकारात्मक उत्तराची आतुरतेने वाट पाहत आहे. कळावे, लोभ असावा. आपली कृपाभिलाषी."

वाचताना खटकतंय, पण नेमकं कुठे ते बोट ठेवून सांगता येत नाही. मदत कराल का?

प्रतिसाद

ताई, पहिल्याच वाक्यात अर्थ उलटा झालाय. मराठीत मुलाखत देतो तो उमेदवार आणि घेते ती निवड समिती. 'मुलाखत दिल्याबद्दल आभार' हे वाक्य पत्रकार पाहुण्यांना म्हणतो, तिथे ते चोख आहे. तुमच्या पत्रात मात्र समितीच उत्तरं देत बसली होती असं वाटतं. तुम्ही लिहा, 'मुलाखतीला बोलावल्याबद्दल'.

शब्द मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे आला, आणि अर्थ साधा 'भेट'. मराठेशाहीच्या कागदांत दोन सरदारांची मुलाखत होते ती भेटच असते, हिंदीत आजही तोच अर्थ आहे. मराठीत प्रश्नोत्तरांचा अर्थ पक्का झाला आणि त्याबरोबर देणारा कोण, घेणारा कोण हेही ठरून गेलं.

दुसरं, 'वेळ देण्यासाठी'. '-साठी' पुढच्या हेतूकडे बघतं: 'मुलाखत देण्यासाठी नागपूरला गेले'. आभार घडून गेलेल्या गोष्टीचे असतात, त्याला मराठीत '-ल्याबद्दल' आहे: वेळ दिल्याबद्दल, बोलावल्याबद्दल, समजावून सांगितल्याबद्दल. 'भेट देण्यासाठी धन्यवाद' अशा पाट्या हल्ली दुकानोदुकानी दिसतात. तो हिंदीतल्या 'के लिए'चा परिणाम. मला हा बदल मनापासून सलतो, कारण 'दिल्याबद्दल' म्हटलं की काम झालं हे त्या एका रूपातच कळतं.

प्रतिसाद

'धन्यवाद करते' हेही हिंदी वळण. आपल्याकडे धन्यवाद देतात, आभार मानतात आणि कृतज्ञता व्यक्त करतात. 'आभार व्यक्त करतो' सर्रास ऐकू येतं, त्याला चूक म्हणणार नाही, पण 'मानतो' इतकं ते कानाला सरळ लागत नाही.

आणखी एक गोष्ट, कारण इथे बरेच जण घसरतात. 'आभार' नेहमी अनेकवचनी: आपले आभार. पण 'आभारी' आलं की 'आपला-आपली' लिहिणाऱ्याप्रमाणे बदलतं, समोरच्याप्रमाणे नाही. पत्र बाईंना असो की साहेबांना, तुम्ही लिहाल 'मी आपली आभारी आहे' आणि तुमचे बंधू लिहितील 'मी आपला आभारी आहे'.

प्रतिसाद

मला 'उपकृत' जास्त खटकलं. उपकार म्हणजे ज्याची परतफेड होत नाही असं काही. अडचणीत कोणी रात्री दवाखान्यात नेलं, तर 'फार उपकार झाले' म्हणावं. समितीने तुम्हाला बोलावलं ते तिचं काम होतं आणि तुम्ही गेलात ते तुमच्या पात्रतेवर. 'उपकृत' लिहून तुम्ही विनाकारण खाली वाकता.

'कृतज्ञ' हा सुंदर शब्द आहे: केलेलं जाणणारा. पण तोही एका तासाच्या भेटीला जड होतो. गुरूंना लिहा.

प्रतिसाद

थोडं वेगळं मत. मी गोव्याची. शेजारी कोंकणीत 'देव बरें करूं' म्हणतात, त्यात किती ओलावा आहे! आमच्या मराठी घरात मात्र कोणी कोणाला 'धन्यवाद' म्हणालेलं आठवत नाही. 'बरं झालं आलात', 'तुम्ही होतात म्हणून झालं', एवढ्यात सगळं येतं. त्यामुळे नुसतं 'धन्यवाद' पत्रात कोरडं वाटतं आणि माणूस 'खूप खूप', 'अमूल्य' जोडत जातो. ताईंचं तेच झालंय. माझ्या मते विशेषणं वाढवण्यापेक्षा नेमकं काय आवडलं ते एका वाक्यात लिहावं. ओलावा तिथून येतो. फार तर 'मनापासून' ठेवा.

प्रतिसाद

याच्याशी पूर्ण सहमत. मीही अशा समित्यांवर बसलो आहे. दहा पत्रांत 'अमूल्य वेळ' असतो, तो वाचलाही जात नाही. 'अमुक मुद्द्यावर आपण जे सांगितलंत त्यावर मी विचार केला' असं वाक्य आलं की तो उमेदवार आठवतो.

मायन्याबद्दल: 'सा.न.वि.वि.' म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, हे आजोबांना, मामांना. 'स.न.वि.वि.'मध्ये सप्रेम असतं, ते स्नेह्यांना. कार्यालयात 'महोदया, नमस्कार' पुरे. 'लोभ असावा' घरच्या पत्रातलं, 'कृपाभिलाषी' लग्नपत्रिकेतलं. शेवटी 'आपली विश्वासू' किंवा 'आपली नम्र' लिहा.

'सकारात्मक उत्तराची आतुरतेने वाट' काढून टाका. उत्तर काय असावं हेच त्यात सुचवलं जातं. 'आपला निर्णय कळवावा, ही विनंती' यात आदरही आहे आणि मोकळीकही.

जाता जाता: सरकारी भरतीच्या, विशेषतः लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीनंतर असं पत्र कोणीही पाठवू नये. तिथे मंडळाच्या सदस्यांशी असा संपर्क म्हणजे वशिला लावण्याचा प्रयत्न समजला जाऊ शकतो आणि त्याने उमेदवारी धोक्यात येते.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. नवा मसुदा:

"महोदया, नमस्कार. काल मुलाखतीला बोलावल्याबद्दल आणि सविस्तर बोलल्याबद्दल मी आपली व समितीतील सर्वांची आभारी आहे. संवादात 'केलं' आणि निवेदनात 'केले' असा भेद मुलांच्या पुस्तकांत कसा पाळावा, हा आपण मांडलेला प्रश्न माझ्या मनात राहिला. त्या दृष्टीने मी पूर्वी संपादित केलेली दोन प्रकरणे सोबत जोडली आहेत. या कामात सहभागी व्हायला मला आवडेल. आपला निर्णय कळवावा, ही विनंती. आपली नम्र,"

एक शंका उरली. पंधरा दिवसांत काहीच कळलं नाही तर 'पाठपुरावा करत आहे' असं लिहू का?

प्रतिसाद

मसुदा छान उतरलाय. लिहिताना 'झाले, केले' ही रूपं ठेवलीत तेही बरोबर, अशा पत्रात 'झालं, केलं' सैल वाटतं.

'पाठपुरावा' नको. रस्त्यासाठी नगरपालिकेकडे करतात तो पाठपुरावा, त्यात समोरचा काम टाळतोय हे गृहीत असतं. 'स्मरणपत्र'ही नको, ते थकलेल्या बिलाचं वाटतं. साधी 'विचारणा' म्हणा: 'अमुक तारखेच्या मुलाखतीसंदर्भात विचारणा करत आहे. निर्णय झाला असल्यास कृपया कळवावे.' विषयाच्या ओळीत पदाचं नाव आणि मुलाखतीची तारीख टाका, म्हणजे त्यांना जुना ईमेल शोधत बसावं लागणार नाही.