नेकरची मुलगी, एवढंच?

मादाम द स्ताएल म्हणजे फ्रेंच राज्यक्रांती आणि नेपोलियनच्या काळातली लेखिका. 'वडील नेकर फ्रान्सचे अर्थमंत्री होते म्हणून राजकारणात तिचं चाललं' असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. नेकर १७९० मध्येच राजीनामा देऊन स्वित्झर्लंडला निघून गेले होते. त्यानंतर डिसेंबर १७९१ मध्ये तिच्या जवळचा नार्बोन युद्धमंत्री झाला, त्यामागे खटपट हिचीच. १७९७ मध्ये मुत्सद्दी तालेराँसाठी तिने तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांपैकी एक असलेल्या बारासकडे शब्द टाकला आणि गडी थेट परराष्ट्रमंत्री! (पुढे त्यानेच तिच्याकडे पाठ फिरवली, ते सोडा.) मत द्यायचाही हक्क नसलेली बाई दिवाणखान्यात बसून हे करत होती.

पण दिवाणखान्यापेक्षा तिची लेखणी जास्त झोंबली असं माझं मत. नेपोलियनने १८०३ मध्ये तिला पॅरिसपासून चाळीस लीग, म्हणजे साधारण १६० किलोमीटर, लांब राहायला लावलं. १८१० मध्ये तिचं जर्मनीवरचं पुस्तक सेन्सॉरच्या कात्रीतून पार पडून छापलंही गेलं होतं. तरी दहा हजार प्रतींचा लगदा केला. त्यात नेपोलियनचं नावसुद्धा नव्हतं, खरं दुखणं तेच! पोलीसमंत्री साव्हारीने तिला कळवलं, तुमचं पुस्तक फ्रेंच नाही.