सेकंडहँड गाडी घाटावरून आणावी की इथलीच घ्यावी?

दर्याकाठचा:
गुहागरात राहतो, घरातून समुद्राची गाज ऐकू येते. दुसरी गाडी हवी आहे, बजेट साडेतीन लाख, म्हणजे सेकंडहँडच. माझं मत आधीच सांगतो, मग काय झोडपायचं ते झोडपा. किनाऱ्यावर राहणाऱ्याने किनाऱ्यावरची गाडी घेऊ नये. कुंभार्ली घाट चढावा, कराड-सातारा नाहीतर थेट सोलापूर गाठावं आणि कोरड्या हवेतली गाडी आणावी.

पहिली गाडी वाडीतल्याच ओळखीच्या माणसाची घेतली होती. सात वर्षांची, रंग असा की बॉनेटमध्ये तोंड बघावं. पहिल्याच पावसाळ्यात ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग ओलं राहायला लागलं. दाराचं रबर गेलं असेल म्हणून ते बदललं, तरी ओलंच. शेवटी मिस्त्रीने मॅटिंग उचललं, स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला आणि तो आरपार खाली गेला. पत्रा कसला, भाजलेला पापड होता. विकणाऱ्याला दोष देत नाही, त्यालाही ठाऊक नसावं. पण तेव्हापासून 'आपल्या ओळखीतली गाडी आहे' म्हटलं की मी हात जोडतो.

तेरा नंबर पाना:
असहमत. रत्नागिरीत गॅरेज आहे, बावीस वर्षं हेच करतोय. तुमची गाडी किनाऱ्यावरची होती म्हणून फसली नाही, तुम्ही मॅटिंग न उचलता घेतलीत म्हणून फसलात.

मीठ बसतं कुठे ते बघा. वरचा रंग पाऊस धुऊन काढतो. दाराखालच्या पट्टीच्या आत, चाकाच्या कमानीच्या दुमडीत, बॉनेटच्या बिजागरीपाशी मात्र खारी ओल अडकून राहते. तिथे बोट फिरवा. डिकीतलं स्टेपनी चाक उचला, खालच्या खोलगट भागात लाल पूड दिसली तर किंमत पाडायची की निघून जायचं ते तिथेच ठरवा. रुमालात छोटं लोहचुंबक गुंडाळून कडेकडेने फिरवा, जिथे धरत नाही तिथे पुट्टी आहे. (बंपर प्लॅस्टिकचा असतो, तिथे चुंबक लावून 'धरत नाही, धरत नाही' म्हणून ओरडणारेही पाहिलेत.) आणि खालून ताजा काळा कोट मारलेला असेल तर खूश होऊ नका. गंज न खरवडता वरून कोट मारला की तो आत सुखाने वाढतो.

सगळ्यात वाईट गाडी कुठली, तर जिच्यातून मासळी वाहिली. बर्फाचं पाणी आणि मीठ दोन्ही आतून मुरतं. तुमच्या गाडीचा पत्रा पायाखाली सडला ना? माझी शंका तीच. मागची सीट काढून वास घ्या. अत्तर कितीही मारा, उन्हात काचा बंद करून अर्धा तास ठेवली की बांगडा बोलतो.

खळ्यातलो माड:
घाटावरसून हाडलास तरी ती गाडी ऱ्हवतली खय? तुझ्याच खळ्यात मा? मगे गंज काय पासिंग बघून चढता? खयचीव हाड, खालसून धू म्हंजे झाला.

दर्याकाठचा:
माडा, गणित साधं आहे. कोरडा पत्रा आणला तर गंजाची सुरुवात माझ्यापासून. इथली घेतली तर मी दुसऱ्याच्या गंजाचे हप्ते भरतो. पानावाले, मासळीचं डोक्यात आलंच नव्हतं. तो माणूस बंदरावर कामाला होता खरा.

वाशिष्ठीकाठ:
गंजावर एवढं चाललंय आणि पुराचं कोणी बोलत नाही. 22 जुलै 2021 ला चिपळुणात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. बाजारपेठेत माणूस बुडेल एवढं पाणी होतं. शेकडो गाड्या बुडाल्या, त्यातल्या बऱ्याच धुऊनपुसून कुठे कुठे गेल्या. महाडलाही तेच. अशी गाडी सहा महिने गुणी वागते, मग एकेक सेन्सर, एकेक कनेक्टर हिरवा पडायला लागतो.

ओळखायची खूण: सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. विकणारे सीट धुतात, बेल्टचं गुंडाळलेलं टोक विसरतात. तिथे गाळाची रेघ राहते. सीटखालच्या रुळांचे स्क्रू आणि डॅशबोर्डखालची वायरिंगही बघा.

आता दुसरी बाजू. माझी गाडी त्या दिवशी बहिणीकडे डोंगरावर होती, थेंब लागला नाही. दोन वर्षांपूर्वी विकायला काढली तर जो तो म्हणे, चिपळूणची का, नको. विम्याच्या पॉलिशी दाखवल्या, त्यावर 50 टक्के नो क्लेम बोनस छापलेला. पाच वर्षं सलग क्लेम नसल्याशिवाय तो मिळत नाही. तरी पंचवीस हजार पाडूनच गेली. धागाकर्त्यांचा 'किनाऱ्यावरची नकोच' हा सूर त्याच जातीचा आहे.

तेरा नंबर पाना:
बोनसच्या कागदावर एक टाचणी लावतो. तो बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. जुन्या गाडीवरचा नव्या गाडीवर नेता येतो. त्यामुळे एक पॉलिसी बघून भागत नाही, याच गाडीच्या ओळीने सगळ्या वर्षांच्या मागा. आणि तुम्ही घेतल्यावर तो तुम्हाला मिळत नाही, हेही लोक विसरतात.

डोंबिवली फास्ट नाही स्लो:
माझी गाडी लांज्याच्या घरी उभी असते. गणपती, शिमगा आणि मे महिना, एवढीच फिरते. नऊ वर्षांत एकवीस हजार किलोमीटर, फर्स्ट ओनर. घाटावर जाऊन टॅक्सीत पिळलेली गाडी घेण्यापेक्षा अशी चाकरमान्याची घ्या की. 'कमी चाललेली गाडी' याहून वेगळं काय हवं?

तेरा नंबर पाना:
दादा, रागवू नका, पण तुमच्यासारख्यांच्या गाड्यांवरच माझं गॅरेज चालतं. फणसाखाली आठ महिने उभी गाडी म्हणजे उंदरांची चाळ. गेल्या मे महिन्यात एका गाडीच्या एअर फिल्टरच्या डब्यातून मूठभर काजूची टरफलं आणि चार पिल्लं काढली. वायरिंग कुरतडलेली, बॅटरी मेलेली, ब्रेक डिस्कला चिकटलेले. टायरची नक्षी शाबूत असते, पण रबर म्हातारं झालेलं असतं. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2316 म्हणजे 2016 सालचा तेविसावा आठवडा. असा टायर घेऊन तुम्ही कशेडी घाट ओलांडून डोंबिवलीला जाता, याचं मला आश्चर्य वाटतं.

डोंबिवली फास्ट नाही स्लो:
टायर बघून आलो. 1917 आहे. गप्प बसतो.

बांदा नाका:
साडेतीन लाखांत बसवायची तर जीए पासिंग घ्या, आमच्याकडे निम्म्या वाडीत तीच आहे. गोव्यात टॅक्स कमी, म्हणून गाडी स्वस्त.

टीटी झाली का:
आणि बारा महिन्यांहून जास्त महाराष्ट्रात ठेवायची तर इथे पुन्हा नोंदणी आणि इथला टॅक्स. तोही किमतीत धरा. मग स्वस्त राहिली तर मला सांगा.

आता मूळ मुद्दा. पत्रा पत्रा करताय, कागदाचं काय? मी माझी जुनी जीप एकाला विकली, व्यवहार गोड झाला, गाडी नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30 सह्या करून त्याच्या हातात दिले. 'आरटीओत पुढच्या आठवड्यात जातो' म्हणाला. तो आठवडा चौदा महिन्यांचा झाला. मधल्या काळात चलन माझ्या मोबाइलवर येत राहिली. एकदा तर मी अंगणात सुपारी सोलत बसलो होतो आणि माझी जीप सांगलीत सिग्नल तोडत होती. हसू नका. अपघात झाला असता तर? सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की नोंदणी ज्याच्या नावावर, तोच मालक, भरपाई त्याच्या डोक्यावर. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते मी केलं नव्हतं. चूक माझीच.

घेणाऱ्यांनीही ऐका. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर कर्ज फिटलं एवढं तोंडी पुरत नाही, बोजा उतरवायचा फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी हातात घ्या. जुनी चलनं ऑनलाइन बघा. आणि विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करायला टाका, नाहीतर तुमच्या गाडीचं नुकसान झालं की कंपनी हात वर करते. घाटावर ओळख नसलेल्या माणसाकडून घेतलीत आणि एक सही राहिली, तर सोलापूरला किती फेऱ्या माराल? या एका कारणासाठी माझं मत इथल्या गाडीला.

दर्याकाठचा:
हा मुद्दा पटला, आणि पत्र्यापेक्षा हाच जास्त टोचला. तरी पूर्ण माघार घेत नाही. कराडला एक गाडी बघून ठेवली आहे, 2017 ची पेट्रोल, एकाच मालकाची, बासष्ट हजार किलोमीटर. मालक शिक्षक आहेत, शनिवारी बोलावलंय. ते म्हणतात पाच हजार टोकन टाका, दुसरं गिऱ्हाईक आहे.

तेरा नंबर पाना:
टोकन टाकू नका, दुसरं गिऱ्हाईक प्रत्येक गाडीला असतं. सकाळी लवकर पोचा आणि आधी फोन करून सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. इंजिन थंड असतानाच स्टार्ट झालं पाहिजे, तेव्हाच धूर खरा दिसतो. निळसर असेल तर ऑईल जळतंय. बासष्ट हजार म्हणतात ना, मग ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टेअरिंग आणि ड्रायव्हर सीटची कड बघा. मीटर मागे नेता येतो, पेडलची झीज नेता येत नाही. हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाका, क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच ठीक. बंद न पडता नुसतं घरघरत राहिलं तर क्लचप्लेटचा खर्च किमतीतून कापा. एकदाच करा, मास्तरांच्या डोळ्यांदेखत पाच वेळा नको.

पाऊस असेल तर जाऊच नका, ओल्या गाडीवर रंगाचा फरक कळत नाही.

खळ्यातलो माड:
आणि मास्तरांक इचार, जावय खयचो. गुहागरचो असलो तर गाडी दर सुट्टीत समुद्रार गेलेली आसतली.

दर्याकाठचा:
विचारलं. जावई मुरुडचे.