'ऑईल प्रेशर'ला मराठीत काय लिहायचं? 'तेलदाब' चालेल का?

आमच्या बोटीच्या इंजिनाजवळ लावायला एक मराठी पत्रक लिहितोय, नवीन खलाशी पोरांसाठी. त्यात 'तेलदाब कमी झाल्यास इंजिन बंद करा' असं लिहिलं. तांडेलमामांनी (तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान) वाचलं आणि विचारलं, "डिझेलचं प्रेशर म्हणतोस का?" तेव्हा लक्षात आलं की बंदरात 'तेल' म्हणजे डिझेलच, तेल भरलं, तेल संपलं, आणि इंजिनाच्या चेंबरात असतं ते 'ऑईल'. मग 'वंगणदाब' लिहू का? जाणकारांनी सांगा.

—

वंगण शब्द छानच आहे, पण ऐकल्यावर बैलगाडीच्या आखाला चोपडतात ते डोळ्यासमोर येतं, म्हणजे घट्ट, बोटाने लावायचं. इंजिनातलं ऑईल पंपाने फिरतं, बेअरिंग आणि क्रँकच्या (इंजिनाच्या फिरणाऱ्या दांड्याच्या) मधे पातळ थर धरून ठेवतं. पुस्तकात वंगण लिहा, पत्रकात नको.

—

आणि 'दाब कमी' पण नको हो! दर्यावर 'कमी दाब' ऐकलं की माणूस आधी आभाळाकडे बघतो. रेडिओवर कमी दाबाचा पट्टा रोज ऐकणाऱ्यांना ते वाक्य वादळाचं वाटणार.

—

मी २० वर्षं बोटीची इंजिनं खोलतोय, मला विचाराल तर नामापेक्षा क्रियापद बघा. माणूस फोनवर काय म्हणतो त्यावरून निम्मं निदान होतं.

'प्रेशर बनत नाही' म्हणजे स्टार्ट केल्यापासून काटा वर येतच नाही, तिथे आधी डिपस्टिक (ऑईलची पातळी दाखवणारी खुणांची पट्टी) बघायची, मग पंपाची जाळी चोंदलीय का, पंप हवा ओढतोय का. 'प्रेशर उतरतं' म्हणजे थंड असताना ठीक आणि गरम झालं की हळूहळू खाली, तिथे ऑईल पातळ झालंय किंवा बेअरिंग झिजलीत. 'प्रेशर पडलं' म्हणजे एकदम, चालत्या इंजिनात, तिथे विचार करायचा नाही, आधी बंद करायचं, कारण ऑईल नसलेली बेअरिंग बघता बघता चिकटते. रिलीफ वॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडणारी झडप) उघडा अडकला तरी काटा खाली येतो. आणि कधी नुसता सेन्सर गेलेला असतो, म्हणून तो काढून तिथे साधा हाताचा गेज लावून बघायचा आणि मगच इंजिन खोलायचं.

—

'उतरतं' आणि 'पडलं' यातला फरक असा कोणी सांगितला नव्हता, मनापासून आभार. आमचं उतरतच होतं. गरम झाल्यावर आयडलला (इंजिन नुसतं हळू चालू असताना) काटा १ बारच्याही खाली यायचा. तुमचं वाचून काल डिपस्टिक काढली तर ऑईल कमी नव्हतंच, उलट वरच्या खुणेच्या वर गेलेलं! थेंब अंगठा आणि बोटात चोळला तर चिकटपणाच नाही, आणि वास डिझेलचा. फीड पंपातून (टाकीतलं डिझेल इंजिनाकडे ओढणाऱ्या पंपातून) डिझेल चेंबरात उतरत होतं. पंप बदलला, सगळं ऑईल काढून फिल्टर नवीन टाकला, १५ डब्ल्यू ४० ग्रेडचं नवीन ऑईल भरलं. आता गरम असताना पण २ बार धरतंय.

—

बघा म्हणजे, 'ऑईलमध्ये तेल उतरलं' हे वाक्य तुमच्या बंदरात अगदी बरोबर आहे, आणि दोन्हीला तेल म्हटलं असतं तर त्याला काही अर्थच राहिला नसता. म्हणून 'ऑईल' हा नुसता इंग्रजी शब्द म्हणून काढून टाकू नका, तो तिथे काम करतोय. ऑईल दुधासारखं पांढरं दिसलं तर पाणी शिरलंय, कदाचित ऑईल कूलर (पाण्याने ऑईल थंड करणारा भाग) फुटलाय, ते पण पत्रकात टाका.

—

टाकतो. आता असं लिहिलंय, तांडेलमामांना वाचून दाखवलं, त्यांनी मान हलवली:

"ऑईल प्रेशर पडलं तर लगेच इंजिन बंद. उतरत असेल तर डिपस्टिक काढून वास घे. तेलाचा वास आला किंवा ऑईल दुधासारखं पांढरं दिसलं तर तांडेलाला सांग."