इमारतीसोबत पदेही मंजूर व्हायला हवीत

नव्या शासकीय रुग्णालयाच्या रखडलेल्या उद्घाटनाबद्दल ‘इमारत तयार आहे, केवळ परिचारिका संघटनेच्या अडवणुकीमुळे उद्घाटन रखडले आहे’ असे मत मांडले जाते, ते मला पटत नाही. संघटनेशी वाटाघाटी लांबल्या हे खरे, पण त्यांचे मूळ पदनिर्मितीत आहे. बांधकामाला निधी एकदा मिळतो, तर पदांच्या वेतनाचा भार कायमचा असल्याने आकृतिबंधाची (कोणती किती पदे हवीत या आराखड्याची) फाईल वित्त विभागाच्या मान्यतेसाठी स्वतंत्रपणे फिरते आणि बहुधा ती इमारतीच्या मागेच राहते.

चर्चेत न आलेला एक हिशेब मांडतो. वॉर्डात एक परिचारिका चोवीस तास हजर हवी असेल, तर आठवड्याच्या २१ पाळ्या भराव्या लागतात. एकीच्या वाट्याला ६ येतात, म्हणजे रजा न धरताही साडेतीन पदे लागतात. माझी मोठी बहीण एका शासकीय रुग्णालयात परिचारिका होती. नवा विभाग सुरू करताना तिच्या वॉर्डातून दोघींना ‘तात्पुरते’ म्हणून तिकडे पाठवले, त्या परत आल्या नाहीत, आणि साठ रुग्णांची रात्रपाळी बहिणीने कित्येक महिने एकटीने सांभाळली. त्यामुळे नियमित पदांचा लेखी आदेश आधी हातात द्या, ही संघटनेची मागणी मला रुग्णांच्याच हिताची वाटते.