मदत हवी आहे: मे महिन्यात इंदूर ते पुणे, इलेक्ट्रिक गाडी, सोबत आई

माळवाकन्या:
नमस्कार मंडळी. भाच्याची मुंज मे महिन्यात पुण्यात आहे. ट्रेनची तिकिटं केव्हाच संपली, आणि रात्रभर बसमध्ये बसणं आईला जमणार नाही (वय ७८, साखर आणि गुडघे दोन्ही). म्हणून आमची इलेक्ट्रिक गाडी घेऊन जायचं ठरतंय. चालवणार मीच.

बॅटरी ४० किलोवॉट-अवरची, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत ४० युनिट. शहरात काही प्रश्नच नाही. रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावली की सकाळी भरलेली असते, सुदामानगर ते विजयनगर आठवडाभर फिरा. हायवेवर मात्र १००च्या स्पीडने एसी लावून चाललं की १०० किलोमीटरला १६-१७ युनिट जातात. म्हणजे पूर्ण भरलेल्या बॅटरीवर २४० किमी, आणि १५ टक्के हाताशी ठेवायचे तर २००च धरा. ८०च्या आसपास ठेवली तर १३ युनिटांत भागतं, पण ट्रक मागून हॉर्न देत अंगावर येतात. इंदूर ते धुळे साधारण २५० किमी. म्हणजे मध्ये कुठेतरी थांबणं आलंच.

नेमकी इथेच भीती वाटते. मागे थंडीत नाशिकला गेलो तेव्हा सेंधव्याच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबलो. ॲपमध्ये चार्जर हिरवा. प्रत्यक्षात स्क्रीन काळी आणि गन (केबलचं गाडीत लावायचं टोक) खाली धुळीत पडलेली, तिच्या तोंडात माती. ढाब्यावरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, ये तो दिवाली से बंद है." पुढचा चार्जर चालू होता, पण मशीन एकच आणि आमच्या आधी दोन गाड्या. मशीनवर ६० किलोवॉट (म्हणजे तासाला ६० युनिट) लिहिलेलं, दुसऱ्या गनला गाडी लागली की प्रत्येकाला ३०. वर शेड नाही, बायकांसाठी संडास नाही. थंडी होती म्हणून निभावलं. मे महिन्यात निमाडातल्या (घाटाखालचा नर्मदेकडचा पट्टा) उन्हात आईला असं ताटकळत बसवायचं माझ्या अगदी जिवावर येतं.

रेंज कमी आहे ही माझी तक्रार नाही. पुढचा चार्जर चालू सापडेल याची खात्री असती तर २०० किमी भरपूर झाले. ती नाही, म्हणून पुढचा बंद निघाला तरी त्याच्या पुढचा गाठता येईल एवढी वीज राखून ठेवावी लागते, आणि रेंज तिथेच निम्मी होते. केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत हायवेवर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला चार्जिंग स्टेशन असावं असं म्हटलं होतं. मला दर २५ला नको, दर ७५ला द्या, पण तिथे चार गन असू द्या, निदान दोन चालू असू द्या आणि फोन उचलणारा माणूस असू द्या.

तर या रस्त्याने गेल्या महिना-दोन महिन्यांत कुणी गेलं असेल तर कृपया सांगा: सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव या पट्ट्यात जलद चार्जर खरोखर कुठे चालू आहेत? धुळ्यानंतर नाशिक-संगमनेर धरू की मनमाड-शिर्डी? आणि परतीला इंदूरच्या अलीकडचा मानपूरचा चढ किती वीज खाईल?

पेट्रोलप्रेमी:
मे महिना आणि वयस्कर माणूस. ताई, सरळ भाड्याची डिझेल गाडी करा.

माळवाकन्या:
@पेट्रोलप्रेमी, तो पर्याय आहेच. पण पुण्यात पंधरा दिवस राहायचंय, तिथेही गाडी लागणार. शिवाय जमेल की नाही हे आधी नीट तपासून बघायचंय.

घाटवाटा:
चढाचं मनावर घेऊ नका. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, खलघाटला नर्मदेचा काठ १५०च्या आसपास. फरक ४०० मीटर. माणसं आणि सामान धरून १८०० किलोची गाडी ४०० मीटर वर चढवायला गणिताने २ युनिट लागतात, मोटरची घट धरून सव्वादोन-अडीच म्हणा. म्हणजे १५ ते २० किमीची रेंज. खलघाट सोडताना एवढी जास्त ठेवली की झालं. जाताना हाच उतार काही वीज परत देतो. बॅटरी पूर्ण भरलेली असली की ब्रेकची वीज आत जात नाही, पण इंदूर-राऊहून मानपूर येईपर्यंत तेवढी जागा झालेली असते. मात्र गणपती घाटात ट्रकांपासून अंतर ठेवा, तो उतार बदनाम आहे.

खरा खाऊ वेग. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो: ८०चे १०० केले की वेग सव्वापट, अडथळा दीडपटीहून जास्त. एसी तासाला एक-दीड युनिट घेतो, तो आईसाठी बिनधास्त चालू ठेवा. वेग ८५वर बांधा, डावी लेन धरा, ट्रकवाल्यांना ओव्हरटेक करू द्या.

आणि उन्हाचं आणखी एक. बॅटरी तापलेली असली की गाडी स्वतःच करंट कमी घेते. भर दुपारी ६० किलोवॉटच्या मशीनवर २५ दिसले तर मशीनला दोष देऊ नका. पहाटे साडेचारला निघा, निमाड नऊच्या आत मागे टाका.

खानदेशी:
ताई, मी धुळ्याचा, महिन्यातून एखादी खेप सेंधव्यापर्यंत असते. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. आमच्याकडे धुळ्याच्या आसपास पर्याय बरे आहेत, बिजासन घाटाच्या वर, सेंधव्याकडे मात्र एका मशीनवर भिस्त ठेवू नका. मी काय करतो ते सांगतो. ॲपमधला हिरवा रंग बघत नाही, त्या मशीनवर शेवटचं चार्जिंग कधी झालं ते बघतो. काल-परवा कुणी भरली असेल तर चालू. आठवडाभर कुणीच नाही तर काहीतरी गडबड आहे. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी ढाब्यावर किंवा पंपावर फोन करून "मशीन चालू आहे का, लाइट आहे का" एवढं विचारतो. दोन-तीन कंपन्यांच्या ॲपमध्ये आधीच पैसे टाकून ठेवा, घाटात नेटवर्क गेलं की ओटीपी येत नाही.

अजून एक, हे फार जणांना ठाऊक नसतं. मशीन बंद दिसली तर बाजूचं लाल बटण बघा. पोरंटोरं येता-जाता ते दाबतात आणि मशीन तशीच पडून राहते. जळका वास किंवा उघडी वायर नसेल तर बटण घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा, ते टक् करून वर येतं आणि मशीन पुन्हा सुरू होते. शिरपूरच्या बाजूला माझं काम यावर भागलंय.

माळवाकन्या:
@खानदेशी, दादा, लाल बटणाचं खरंच माहीत नव्हतं, आणि शेवटचं चार्जिंग बघायचंही डोक्यात आलं नव्हतं. मनापासून आभार. @घाटवाटा, परतीचा चढ डोक्यावर बसला होता, तो उतरला.

नाशिककर_आजी:
मी आईच्या बाजूने बोलते, कारण माझंही वय तेच. एका दिवसात सहाशे किलोमीटर नकोच. नाशिकला मुक्काम करा. कुणी नातेवाईक आहे का? साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर तासाला तीनेक युनिट जातात, रात्रभरात २५ सहज. सकाळी चार्जर शोधत फिरायला नको. नाशिक ते पुणे २१० किमी, त्यात संगमनेर, नारायणगावला सोय मनमाड-शिर्डीच्या रस्त्यापेक्षा मला बरी वाटली. आईंना दर दीड तासाने पाय मोकळे करू द्या, तेवढ्यात २०-२५ मिनिटं मशीनला लावा. ८० टक्क्यांपुढे भरत बसू नका, शेवटचे २० टक्के फार रेंगाळतात.

माळवाकन्या:
आजी, मावसबहीण पंचवटीत राहते! जुना वाडा आहे, पण १५ अँपिअरचा प्लग आहे म्हणते.

घाटवाटा:
जुन्या वाड्यात आधी अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंग नसेल तर गाडीची केबल लाल दिवा दाखवते आणि चार्जिंग सुरूच होत नाही. एक्स्टेंशन बोर्ड तर मुळीच नको, रात्रभर १२-१३ अँपिअर ओढल्यावर वितळतो.

माळवाकन्या:
बहिणीला आत्ताच फोन केला, ती उद्या वायरमन बोलावतेय. मग असं ठरलं: पहाटे साडेचारला निघायचं, ८५चा वेग, सेंधव्याला ४० मिनिटं भरायची. तिथलं मशीन बंद निघालं तरी धुळ्याला पोचल्यावर ४० किमीची वीज उरते. धुळ्यात पुन्हा भरायची, दुपारी नाशिक. आदल्या संध्याकाळी दोन्हीकडे फोन करणार. आईला घेऊन थांबता येईल अशी सावली आणि स्वच्छ संडास असलेली जागा सेंधवा ते धुळे या टप्प्यात कुणाला माहीत असेल तर अजूनही सांगा, तेवढंच आता राहिलंय. जाऊन आले की कुठलं मशीन चालू होतं, किती किलोवॉट मिळाले आणि किती वेळ लागला ते इथेच लिहीन.