सोलापूरचा सिलिंडर नॉर्वेत भरून मिळेल का?
दादा, सोलापूरहून ५ किलोचा सिलिंडर नेऊन नॉर्वेत भरून घ्यायचा बेत कृपया सोडा. रिकामा वाटला तरी आत थोडा गॅस उरतोच, विमानात नेऊ देणार नाहीत. शिवाय युरोपात देश बदलला की व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटरही बदलू शकतो. तिथेच घ्या, आणि प्रोपेनचाच घ्या. ब्युटेन आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात छान पेटेल, पण शून्याच्या आसपास त्याची वाफच होईनाशी होते. प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश, त्यामुळे थंडीत तोच कामाचा. भरून घ्यायची वेळ आलीच तर ८० टक्क्यांवर थांबायला सांगा. आतला द्रवरूप गॅस तापला की फुगतो, त्याला जागा लागते. एकदाच वापरायचे छोटे डबे मात्र कुणी भरून देतो म्हणालं तरी भरून घेऊ नका.