सुती ओढणीवर तीन थर छापायचेत, कापड मऊ कसं ठेवू?

शाईरेघ (पुणे):
मलमलच्या ओढण्यांवर स्क्रीन प्रिंट करते. तळाला पसरट पोत, मग पट्टे, वर बारीक रेघा, सगळं पिगमेंटमध्ये. थर एकमेकांवर चढले की रंग मळकट होतात आणि ओढणी खांद्यावर पडतच नाही, कडक उभी राहते. बाइंडर (रंग कापडाला चिकटवणारा घटक) कमी करू का?

टेबलप्रिंटर:
बाइंडर कमी करू नका, धुण्यात रंग निघेल. रंगात पांढरी खडी (छपाईची अपारदर्शक पेस्ट) मिसळताय का? खडी खालचा थर झाकते. पारदर्शक बेस घ्या, फिक्याकडून गडदकडे जा. पिवळ्यावर निळा पडला की हिरवा आपसूक मिळतो.

उषाताई_छपाई:
शाईरेघ, पिगमेंट धाग्याच्या आत शिरत नाही, बाइंडरच्या पापुद्र्याने वर चिकटतं. तीन थर म्हणजे तीन पापुद्रे. म्हणून खालचे दोन थर कोल्ड ब्रँड रिअ‍ॅक्टिव्ह रंगांत छाप. तो रंग सुताशी जोडला जातो, हाताला जाणवतसुद्धा नाही. पिगमेंट फक्त वरच्या रेघांना ठेव.

तळाच्या पोतासाठी माझी सगळ्यात लाडकी पद्धत सांगते. सोडियम अल्जिनेटच्या (रंग दाट करणाऱ्या) पेस्टमध्ये रंग कालवायचा, सोडा घालायचा नाही. कोऱ्या स्क्रीनवर तो ब्रशने, दोऱ्याने, पानांनी जाडसर लावून पूर्ण वाळू द्यायचा. कापड आधीच सोडा अ‍ॅशच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं हवं. मग नुसती बिनरंगाची पेस्ट स्क्वीजीने (रबरी पट्टीने) ओढायची. पहिल्या हाताला जाड रंगाखालचं कापड कोरं राहतं, कारण तिथे जाळी बंद असते. पुढच्या प्रत्येक हाताला रंग विरघळतो, कडा फुटतात, डाग पसरतात. दोन ओढण्या सारख्या येणार नाहीत. तागे छापायला हे चालणार नाही, पण ओढणीला याच्याइतका जिवंत पोत मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही.

तोच पोत पुन्हापुन्हा हवा असेल तर गोणपाटावर ट्रेसिंग फिल्म ठेवून काळी ग्लासमार्किंग पेन्सिल घास आणि त्यावरून स्क्रीन एक्स्पोज कर, म्हणजे उजेडाने नक्षी स्क्रीनवर उतरव. काळा गच्च हवा, उजेड आरपार गेला की ठिपका गेला. 43टी जाळीत, म्हणजे सेंटिमीटरला 43 धागे, फार बारीक ठिपके टिकत नाहीत, 77टी घे.

शाईरेघ:
ताई, माझ्याकडे रिअॅक्टिव्ह रंग पक्का करायला वाफेची सोय नाही. चालेल?

उषाताई_छपाई:
चालेल. ओलसर असतानाच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उबदार जागी 24 तास ठेव. मग थंड पाण्यात खळबळ, पाणी निवळलं की गरम साबणाचं पाणी. ही धुलाई पिगमेंटच्या आधीच उरक, नाहीतर सुटा रंग रेघांवर बसतो. रेघा वाळल्यावर उलट्या बाजूने कडक इस्त्री फिरव. एक मात्र सांभाळ, कांजीचं कापड घेऊ नकोस. आधी उकळत्या साबणपाण्यातून काढ, रंग एकसारखा पितं.

टेबलप्रिंटर:
आणि प्रत्येक लॉटची आधी चिंधीवर चाचणी घ्या, धुऊन बघा, मगच ओढणीला हात लावा.